३० सप्टेंबरचा पट: वसईतल्या एका धर्मग्रामाच्या मराठी शाळेचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही शाळा वसई तालुक्यात, समुद्राच्या अंगाला असलेल्या एका धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती समाजाची. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. शाळेच्या कागदपत्रांची जुळवाजुळव करायला मला बोलावलं गेलं होतं. मी त्या धर्मग्रामाचा नाही, त्या शाळेत शिकलोही नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक माझ्याशी मोकळेपणाने बोलले, आणि त्यातूनच हे टिपण तयार झालं.

मराठी माध्यम, पहिली ते सातवी, अनुदानित, अल्पसंख्याक संस्थेची शाळा. जागा आणि इमारत धर्मग्रामाच्या न्यासाची, शिक्षकांचे पगार सरकारचे. मुख्याध्यापिका बाई शेजारच्या गावच्या. तेवीस-चोवीस वर्षं याच शाळेत. व्यवस्थापक म्हणून धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू. ते दर पाच-सहा वर्षांनी बदलतात. या प्रकरणात हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

वसईत पोर्तुगीज आले १५३४ साली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर गेले. इथला ख्रिस्ती समाज मात्र इथेच राहिला, शेतीवाडीत, मासेमारीत आणि आपापल्या बोलींत. सामवेदी घरात कादोडी, वाडवळांकडे वाडवळी, कोळीवाड्यात कोळी. चर्चमधली उपासना लॅटिनमध्ये. ती मराठीत आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर. तोवर प्रमाण मराठी वाचायला-लिहायला शिकवणारी गावातली जागा एकच होती, धर्मग्रामाची शाळा. वेदीवर मराठी पोचण्याच्या कितीतरी आधी ती फळ्यावर पोचली होती. या पट्ट्यातून पुढे इतके शिक्षक का निघाले, मराठीत लिहिणारे धर्मगुरू का निघाले, याचं बरंचसं उत्तर अशा शाळांमध्ये आहे. २०२० च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले.

आमच्या या शाळेची सुरुवात फादरांच्या बंगल्याच्या ओटीवर झाली. पुढे गावकऱ्यांनी केळीची लोंगरं विकून आलेल्या पैशांतून आणि स्वतः दगड वाहून कौलारू इमारत उभी केली, असं जुनी माणसं सांगतात. कुणाच्या आजोबांनी तुळई दिली आणि कुणाच्या बैलगाडीने रेती आणली, हे अजून नावानिशी सांगितलं जातं. नंतर सिस्टर आल्या आणि मुलींचा पट वाढला. एके काळी एका इयत्तेच्या दोन तुकड्या असायच्या.

मग मुंबई जवळ आली. विरार लोकलने नोकरीला जाणारी पिढी वाढली, वाड्या विकल्या गेल्या, चाळी आणि इमारती आल्या. २००९ मध्ये महानगरपालिका झाली. धर्मग्रामातल्या मुलांच्या मुलांना न्यायला पिवळ्या गाड्या येऊ लागल्या. त्या गाड्या जात होत्या थोड्या अंतरावरच्या इंग्रजी शाळेत, आणि तीही चर्चचीच.

हे प्रकरण सुरू झालं तेव्हा मराठी शाळेच्या पटावर धर्मग्रामातली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. बाकीची मुलं चाळींत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांची होती. कुणी मराठवाड्यातून आलेलं, कुणी खानदेशातून. काही उत्तर भारतीय घरांतली, जिथे घरी हिंदी आणि शाळेत मराठी. काही वाड्यांवर राबणाऱ्या वारली कुटुंबांची. शाळेच्या शताब्दीला मात्र चारच वर्षं उरली होती.

अडचण

वरवर पाहता अडचण सरळ होती: पट कमी, शिक्षक जाणार. प्रत्यक्षात ती अशी घडली.

अनुदानित शाळेला किती शिक्षक मिळणार हे दरवर्षीच्या संचमान्यतेत ठरतं. संचमान्यता ठरते ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि त्या पटात धरली जातात ती आधार वैध असलेली मुलं. मूल रोज शाळेत येतं, डबा खातं, परीक्षा देतं. पण आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव यांत एका वेलांटीचा फरक असला, जन्मतारीख जुळली नाही किंवा आधारच नसलं, तर मोजणीत ते मूल नसतं. चाळीत राहणाऱ्या स्थलांतरित घरांत ही गोष्ट नेहमीची. आधार गावाकडच्या पत्त्यावरचं, ते काढताना मुलाची जन्मतारीख अंदाजे सांगितलेली, आणि दुरुस्तीसाठी एक दिवसाची मजुरी बुडवायची कुणाची तयारी नाही.

त्यातच १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय आला. सहावीपासूनच्या वर्गांचा पट वीसच्या खाली गेला तर तिथे शिक्षकाचं पद शून्य. या शाळेत सहावी-सातवीच्या दोन वर्गांत मिळून वीसपेक्षा जास्त मुलं बसत होती. मोजली गेली ती वीसपेक्षा कमी. अडचण म्हणतात ती एवढीच, आणि हे कुणी वेळेवर पाहिलं असतं तर यातला बराचसा भाग टळला असता.

मुख्याध्यापिका बाईंनी पाहिलं होतं. जून महिन्यातच त्यांनी फादरांना लिहून दिलं होतं की एवढ्या मुलांचं आधार जुळत नाही, पालकांना एकत्र आणायला मदत हवी. ते पत्र फाइलला लागलं. कागदपत्रांचं काम शाळेचं, हॉल आणि इमारतीचं काम धर्मग्रामाचं, अशी वाटणी तिथे मुरलेली होती. फादरांनी दुर्लक्ष केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्या महिन्यात त्यांच्यापुढे गळणारं छप्पर होतं आणि त्यासाठी वर्गणी मागायची होती. छप्पर दिसतं. आधारची वेलांटी बाईंच्या संगणकाशिवाय कुणाला दिसत नाही.

संचमान्यता हाती आली तेव्हा वरच्या वर्गांची पदं गेली होती आणि बाईंची निवृत्ती दीड वर्षावर आली होती. ते पद पुन्हा भरलं जाईल याची खात्री कुणीच देत नव्हतं.

पहिली बैठक

धर्मग्राम परिषदेने बैठक बोलावली ती रविवारी, आठच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर), शाळेच्याच हॉलमध्ये. गर्दी झाली. माजी विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, वयस्कर माणसं, काही तरुण. बोलणं भावनेच्या अंगाने गेलं आणि ते साहजिक होतं. "माझी तीन भावंडं इथे शिकली", "आमच्या बाबांनी दगड वाहिले", "शंभरी तरी होऊ दे". हे शेवटचं वाक्य इतक्यांदा आलं की टिपण लिहिणाऱ्याने ते ठरावासारखंच लिहून ठेवलं.

मग एका निवृत्त शिक्षिकेने उठून विचारलं, "फादर, ज्यांची पोरं आज या वर्गांत बसतात, त्यांच्यापैकी इथे कोणी आलंय का?"

कोणी नव्हतं. येणार कसं? निरोप चर्चमध्ये प्रार्थनेनंतरच्या सूचनांत वाचून दाखवला होता. शाळेतल्या बहुतेक मुलांचे आईबाप चर्चमध्ये येत नाहीत. ते ख्रिस्तीच नाहीत.

मी या प्रकरणातला पहिला खरा निर्णयबिंदू इथे धरतो. त्या प्रश्नानंतर बैठक दोन वाटांनी जाऊ शकली असती. एक, ठराव तिथेच करून टाकायचा. गर्दी होती, उत्साह होता, वर्गणीची आश्वासनंही मिळत होती. दोन, थांबायचं. फादरांनी थांबायचं ठरवलं आणि त्याबद्दल तेव्हा त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. "आपल्या शाळेचं काय करायचं हे आपण बाहेरच्यांना विचारायचं का?" असं एका वजनदार गृहस्थांनी भर सभेत म्हटलं. त्यांची दोन्ही नातवंडं इंग्रजी शाळेत आहेत.

पालकांकडे जाणं

दुसरी बैठक चाळीच्या मोकळ्या जागेत, संध्याकाळी, कंपन्यांची पाळी सुटल्यावर झाली. फादर, बाई, ती निवृत्त शिक्षिका आणि मी. खुर्च्या नव्हत्या, चटया होत्या.

आमची समजूत होती की पालक माध्यमाबद्दल बोलतील. इंग्रजी हवं, हे सगळेच म्हणाले. पण त्यावर फार वेळ गेला नाही. बायकांचं बोलणं सारखं एकाच गोष्टीवर येत होतं. एका आईने ते असं मांडलं: "बाई, शाळा दुपारी सुटते आणि मी घरी येते साडेसातला. मधल्या वेळात पोरगी खोलीत एकटी असते. शेजारीण कधी बघते, कधी नाही." दुसरीने मान हलवली आणि तिसरीने तेच स्वतःच्या शब्दांत सांगितलं. वडील मंडळी दाखल्याबद्दल बोलत होती. गावाकडे परत जावं लागलं तर दाखला अडू नये. इमारतीबद्दल किंवा शताब्दीबद्दल कुणी काही म्हणालं नाही. म्हणण्याचं कारणही नव्हतं.

फादरांनी एक प्रश्न विचारला तो चांगला होता: शाळा बंद झाली तर मुलं कुठे जातील? थोरल्या मुलांना दूरच्या शाळेत पाठवू, असं बहुतेकांनी सांगितलं. पहिली-दुसरीच्या मुलांचं काय, यावर आधी शांतता झाली आणि मग एक बाप म्हणाला, "गावाला आजीकडे ठेवू." पहिलीतलं मूल आईबापांपासून तोडून शेकडो किलोमीटरवर पाठवायचं, हा त्याच्या हातातला खरा पर्याय होता.

जे पर्याय तोलले गेले

शाळा बंद करणं हा पहिला. अनुदानित शाळेचे शिक्षक अतिरिक्त ठरतात आणि त्यांचं समायोजन होतं, म्हणजे शिक्षकांची नोकरी जात नाही. मुलांना जवळच्या शाळांत प्रवेश द्यावा लागतो. कागदावर हा सगळ्यांत नीटनेटका पर्याय होता. लहान मुलांचं काय होईल हे चाळीतल्या बैठकीत कळल्यामुळे तो मागे पडला.

इंग्रजी माध्यम हा दुसरा, आणि माजी विद्यार्थ्यांतल्या मोठ्या गटाचा हाच आग्रह होता. "नाव राहील, इमारत राहील, आपली मुलं परत येतील." इथे कायद्याचं गणित समजून घ्यावं लागलं. मराठी शाळेचं अनुदान नव्या इंग्रजी शाळेकडे वळवता येत नाही. नवी शाळा काढायची तर ती महाराष्ट्राच्या २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली, म्हणजे शिक्षकांचे पगार फीमधून. फी लावली की आज वर्गांत बसलेली मुलं बाहेर. शिवाय चर्चचीच दुसरी इंग्रजी शाळा जवळ असताना दोघींनी एकमेकींची मुलं ओढायची. हे आकडे मांडल्यावरही काहींचा आग्रह सुटला नाही. मला तो समजतो. आपली नातवंडं आपल्याच शाळेत शिकावीत असं वाटण्यात गैर काय? पण त्या शाळेच्या दारावरची पाटी तेवढी जुनी राहिली असती.

इमारत भाड्याने देऊन त्या पैशांतून शिक्षणाचं काम चालवावं, हा तिसरा विचार एका बांधकाम व्यावसायिकाच्या मार्फत आला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार न्यासाची इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्यापुढे धर्मप्रांताची, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाची, संमती. हे ऐकल्यावर व्यावसायिक पुन्हा दिसले नाहीत.

चौथा पर्याय कुणी एकाने मांडला नाही. तो चाळीतल्या बैठकीनंतर तुकड्यातुकड्यांनी जुळत गेला. पहिली ते पाचवी ठेवायची, सहावी-सातवीची मुलं जवळच्या अनुदानित माध्यमिक शाळेत सोडायची, खालच्या वर्गांत सेमी-इंग्रजी सुरू करायचं आणि शाळा सुटल्यावर संध्याकाळपर्यंत मुलांना थांबवून घ्यायचं. पहिली ते पाचवीला साठपर्यंत पट असला तरी शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने दोन शिक्षक मिळतात. तेवढी मुलं होती.

वरच्या वर्गांसाठी भांडावं का, हा प्रश्न होताच. मुलं प्रत्यक्षात वीसपेक्षा जास्त होती. न्याय मागण्यासारखी बाजू होती. अर्ज केला, पाठपुरावा केला. नवं शैक्षणिक वर्ष सुरू होईपर्यंत उत्तर आलं नाही. शिक्षकाविना वर्ग चालू ठेवून वाट पाहायची की मुलं हलवायची, यात मुलं हलवायचं ठरलं. बाईंना हे पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं की आणखी एक वर्ष धर्मग्रामाने मानधनावर शिक्षक द्यावा, पुढच्या ३० सप्टेंबरला सगळ्यांचं आधार वैध करून पट दाखवावा आणि पद परत मागावं. आज मागे वळून पाहता मला बाईंचं बरोबर वाटतं. निदान प्रयत्न करण्याइतपत तरी नक्कीच.

काय केलं

आधारचं काम पुढच्या जून-जुलैमध्ये हातात घेतलं, आणि तेही धर्मग्रामाच्या तरुण मंडळींनी. पहिलं शिबिर रविवारी सकाळी ठेवलं तेव्हा फारसं कोणी आलं नाही, कारण पालकांची सुट्टी रविवारी नव्हे तर कंपनीच्या वीजबंदीच्या वारी असते. वार बदलला आणि रांग लागली. जन्मदाखला नसलेल्या मुलांचं प्रकरण वेगळं. त्यासाठी दोघा तरुणांनी पालकांबरोबर जाऊन एकेकाचं काम केलं.

सेमी-इंग्रजीसाठी रीतसर ठराव आणि परवानगी घेतली. खरा कस शिक्षकांचा होता. दोघींपैकी एकीने गणित इंग्रजीतून कधी शिकवलं नव्हतं. इंग्रजी शाळेतल्या एका सिस्टर आठवड्यातून एकदा येऊन तिच्याबरोबर वर्गात बसू लागल्या. चर्चच्या दोन शाळांमध्ये हा पहिलाच कामाचा संबंध आला.

संध्याकाळच्या अभ्यासिकेला नाव दिलं नाही, पाटी लावली नाही. गावातल्या दोन पदवीधर मुली मानधनावर, एक स्वयंसेवक आजी, खिचडीनंतर थोडा खाऊ आणि सातपर्यंत दरवाजा उघडा. पैसा कुठून आणायचा यावर परिषदेत सगळ्यांत कडवट वाद झाला. शताब्दीसाठी निधी जमायला लागला होता: स्मरणिका, मंडप, सत्कार. फादरांनी एक साधा नियम मांडला आणि तो मंजूर झाला. शताब्दीच्या सोहळ्यावर जेवढा रुपया खर्च होईल, तेवढाच अभ्यासिकेला मिळेल. सोहळा मोठा करायचा तर करा, अभ्यासिकाही तेवढीच मोठी होईल. स्मरणिकेचा कागद त्यानंतर आपोआप थोडा पातळ झाला.

आता रजिस्टरांबद्दल, कारण या प्रकरणातला सगळ्यांत अनपेक्षित भाग तिथे निघाला.

शाळेचं जनरल रजिस्टर हे कायम जतन करायचं दप्तर. इथली जुनी रजिस्टरं लोखंडी कपाटात, वरच्या खणात शाडूच्या मूर्ती आणि खाली बक्षिसांच्या ढाली, अशा मध्ये ठेवलेली होती. सर्वांत जुन्याचा पुठ्ठा सुटला होता. कुणीतरी कधीतरी पानं चिकटपट्टीने सांधली होती. पट्टी पिवळी होऊन वाळली होती आणि तिच्याखालची शाई तपकिरी पडली होती. कडेला कसरीने अर्धचंद्र कोरले होते. रकाने मात्र सुवाच्य: नाव, धर्म व जात, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण. त्या कारणांच्या रकान्यात "मुंबईस गेला", "घरकामासाठी" असं एकाखाली एक.

पानांचे फोटो काढताना असं दिसलं की अगदी सुरुवातीच्या वर्षांतही पटावर फक्त धर्मग्रामातली मुलं नव्हती. हिंदू शेतकऱ्यांची होती, मिठागरावर काम करणाऱ्यांची होती आणि जातीच्या रकान्यात "वारली" लिहिलेली थोडी नावंही होती. ही थोडी नावं किती मोलाची, हे महाराष्ट्रात जात पडताळणीचा फेरा ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो आणि गरीब घरात असा कागद सहसा एकच असू शकतो: आजा-पणज्याची शाळेतली नोंद. आमच्या डोळ्यांसमोर एका वारली कुटुंबाला आपल्या पणजोबांची नोंद तिथे सापडली. त्या घरातला मुलगा दोन वर्षं ती शोधत होता. धर्मग्रामातल्यांनाही त्या रजिस्टरांचा असाच उपयोग होत आला होता, जन्मतारखेच्या पुराव्यासाठी, पासपोर्टसाठी, जमिनीच्या वारसासाठी. पण ती वाळवीच्या तोंडी होती, आणि शाळा बंद झाली असती तर ती कुठे गेली असती याचं उत्तर पहिल्या बैठकीत कुणाकडेच नव्हतं. विचारलंच नव्हतं.

इथे एक प्रमाद घडला. कुण्या उत्साही माजी विद्यार्थ्याने काही पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले. त्यात लोकांच्या आजोबांच्या जाती होत्या, "वर्तणूक असमाधानकारक" असे शेरे होते आणि एका नावापुढे बापाचा रकाना कोरा होता. त्या घरातल्या माणसांनी दुसऱ्या दिवशी फादरांचं दार गाठलं. फोटो काढून टाकले गेले, पण तोवर गावभर फिरले होते. त्यानंतर नियम झाला: नोंद ज्याच्या घराची त्यालाच दाखवायची, अर्ज घेऊन, मुख्याध्यापिकेसमोर.

निष्पत्ती

पहिली ते पाचवीचा पट घसरायचा थांबला आणि थोडा वाढला. वाढलेली मुलं बहुतेक अभ्यासिकेमुळे आली, प्रवेशाच्या वेळी पालक सेमी-इंग्रजीच्या आधी "सातपर्यंत ठेवता ना?" असं विचारतात. धर्मग्रामातली मुलं परतली नाहीत. एक अपवाद आहे, आणि त्या घरातली आईही नोकरी करते.

हलवलेल्या सहावी-सातवीच्या मुलांपैकी दोन मुली पहिल्याच पावसाळ्यात शाळेबाहेर पडल्या. माध्यमिक शाळा फार लांब नाही, पण वाटेत महामार्गाला जाणारा वर्दळीचा रस्ता ओलांडावा लागतो. धर्मग्रामाने रिक्षाचं भाडं देऊ केलं होतं. ते सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. एकीला निवृत्त शिक्षिकेने घरी जाऊन परत आणलं. दुसरीचं कुटुंब तोवर खोली सोडून गेलं होतं आणि तिचा दाखला अजून कुणी मागितलेला नाही. म्हणजे ती बहुधा कुठल्याच शाळेत नाही.

इंग्रजी माध्यमाचा आग्रह धरणाऱ्या गटाने वर्गणी थांबवली. इमारतीच्या पश्चिमेकडच्या दोन खोल्या तपासणीत धोकादायक ठरल्या, त्या कुलूपबंद आहेत. बाई निवृत्त झाल्या, पद रिकामं आहे आणि त्या जागी धर्मग्राम मानधनावर शिक्षिका देतो. हे किती काळ परवडेल हा प्रश्न उघडाच आहे. रजिस्टरांची एक प्रत आता शाळेत आणि एक धर्मप्रांताच्या कार्यालयात आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, तारीख. धर्मग्राम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जागा झाला, म्हणजे वर्षाचा एकमेव महत्त्वाचा दिवस उलटून गेल्यावर. अनुदानित शाळा चालवणाऱ्या कुठल्याही संस्थेने जूनमध्ये एकच कागद मागायला हवा: पटावरची मुलं किती आणि त्यातली आधार वैध किती. या दोन आकड्यांतलं अंतर हेच काम, आणि ते मुख्याध्यापकाचं एकट्याचं नाही. वर्गणी मागायला घरोघर जाणारी तरुण मंडळी याही कामाला घरोघर जाऊ शकतात, हे पुढच्या वर्षी सिद्ध झालंच.

दुसरं, वरच्या वर्गांवर पाणी सोडण्याची घाई. एक वर्षाचं मानधन आणि एक अर्ज, एवढ्या किमतीत बाईंचा मार्ग आजमावता आला असता. तो यशस्वी झाला असता असं मी म्हणत नाही. पण ती दुसरी मुलगी त्या वर्षी तरी शाळेत राहिली असती. आणि हलवायचंच होतं तर रिक्षा जूनमध्ये दारात हवी होती. ठरावात "वाहतुकीची सोय करण्यात येईल" असं लिहिलं होतं. कोण करेल, कधीपासून, हे लिहिलं नव्हतं.

पहिली बैठक चर्चच्या सूचनांतून बोलावली गेली याला मी फार दोष देत नाही. शंभर वर्षं तसाच निरोप जात आला होता आणि शंभर वर्षं तो पोचत होता. आता पोचत नाही हे एका प्रश्नाने उघड झालं, आणि त्या प्रश्नावर बैठक थांबवण्याचं धैर्य व्यवस्थापकाने दाखवलं. अशा ठिकाणी सहसा ठराव होतो आणि टाळ्या पडतात.

व्हॉट्सअ‍ॅपचा प्रकार टाळता येण्यासारखा होता. स्कॅनिंगला हात लावण्यापूर्वी कोण पाहणार आणि कोण नाही हे ठरवायला अर्धा तास पुरला असता.

फादरांची बदली मध्येच झाली. नवे फादर आले तेव्हा त्यांच्या हातात इमारतीच्या किल्ल्या, बँकेची पासबुकं आणि शताब्दी समितीची यादी पडली. चाळीतल्या बैठकीचं टिपण निवृत्त शिक्षिकेच्या वहीत होतं. तिने ते आणून दिलं नसतं तर समान खर्चाचा नियम पहिल्याच परिषदेत मोडला असता, कारण तसा प्रस्ताव विषयपत्रिकेवर होता. आता तो नियम, अभ्यासिकेचं वेळापत्रक आणि जूनचा आधार-तक्ता न्यासाच्या इतिवृत्तात सहीनिशी नोंदवला आहे.

ही नोंद झाली त्याच बैठकीत आणखी एक ठराव झाला आणि त्यावर शंभरीचा आग्रह धरणाऱ्यांचीही सही आहे. सलग दोन वर्षं पहिलीत पाचपेक्षा कमी मुलं आली, तर शताब्दी झालेली असो वा नसो, शाळा बंद करण्याची प्रक्रिया सुरू करायची. त्याआधी प्रत्येक मुलाचा दुसऱ्या शाळेतला प्रवेश आणि तिथवरची वाहतूक पक्की करायची, आणि संध्याकाळची अभ्यासिका त्यानंतरही त्याच आवारात चालू ठेवायची. यंदा पहिलीत अकरा मुलं आहेत.